आपल्या छताखाली आधी आपण

मी, वीरभद्र रेवणप्पा हालकुडे, वय एकोणपन्नास, धंदा सरकारी बांधकामांची गुत्तेदारी, मूळचा मुखेड तालुक्यातला, हल्ली राहणार लातूर. हैदराबादला हृदयाच्या शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

राहते घर पत्नी महानंदा हिचे. तिच्या हयातीत ते कुणी विकू नये.

काँक्रीटचा मिक्सर आणि स्लॅब ओतायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा माझ्याच धंद्यातल्या शिवप्पाला द्याव्यात. घेताना त्याने हसू नये. गुत्तेदारांच्या बैठकीत तो भर सभेत म्हणाला होता, "वीरभद्रा, सरकारचा खर्च म्हणजे उद्घाटनाची फीत. फितीपुरता रस्ता, पुढं बिलाची वाट. आन् तू त्याच सरकारला हात जोडून राहिलास." त्याचे खोटे नाही. बिले अडली की मिक्सर गंजतो, मजूर पुण्याला निघून जातात. पण त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सपाट रानात अख्खी गावे उभी राहताना मी पाहिली. प्रत्येक घरात दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा सळयांचा काँक्रीट पट्टा, आणि त्यावर गिलावा. कुणाला कधी दिसणार नाही अशा गोष्टीवर सरकारने पैसा घातला, आणि ते काम माझ्या हातून झाले. लिंगपूजेला बसल्यावर ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

त्यातल्याच एका गावात सरजाआक्का नव्या घराबाहेर पत्र्याखाली झोपायच्या. जुन्या घराच्या दगडमातीखाली त्यांची दोन माणसे गेली होती. म्हणाल्या, "गुत्तेदार, आधी तू नीज. सकाळी उठलास तर मी येते." मी निजलो. उठलो तेव्हा त्या उंबऱ्याच्या आत चहा घेऊन उभ्या होत्या. तेव्हापासून मी बांधलेल्या प्रत्येक घरात पहिली रात्र मीच काढली.

औसा रोडवरची इमारत मुलगा मल्लिकार्जुन याची. तिचा पाया दोन मजल्यांपुरताच आहे. त्याला शिकवणीच्या पोरांसाठी वर आणखी दोन चढवायचे आहेत. "अण्णा, देगलूर-धर्माबादची पोरं खोल्या मागत दारात उभी हायत. सगळेच चढवून राहिलेत." माझ्यामागे त्याला अडवणारे कुणी नाही. म्हणून अट एवढीच: मल्लिकार्जुना, जेवढे चढवशील, त्याच्याखाली तळमजल्यावर तू, सूनबाई आणि माझी नात आधी वर्षभर निजा. मगच दुसऱ्याचे लेकरू ठेव. तसे न केल्यास इमारत महानंदाची.

मला आमच्या लिंगायत रीतीने बसवून मातीत ठेवावे. वर स्लॅब नको.

हे सर्वांसमक्ष वाचून दाखवले. सरजाआक्कांनी विचारले, "पोरानं आधी निजायचं, हे लिवलंस का नीट?" होय म्हटल्यावर त्यांनी अंगठा दिला. मल्लिकार्जुन नातीला मांडीवर घेऊन छताकडे बघत बसला.

लातूर, ११ जून २००६
सही: वीरभद्र रेवणप्पा हालकुडे

साक्षीदार:
१. सरजाबाई, डाव्या अंगठ्याचा ठसा
२. पंचशीला व्यंकटी कांबळे, शिक्षिका, शेजारी. सही