उतारावर गाडी ऐकेना

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की 'माझे वडील जीप चालवायचे' असं मुलींना सांगताना दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटतं. मुली म्हणजे क्लासच्या. लातुरात आता गल्लोगल्ली क्लास आहेत. त्यातल्या एकात मी फिजिक्स शिकवते आणि मागच्याच गल्लीत एकटी राहते. मागच्या महिन्यात गाडी घेतली, ऑटोमॅटिक. तिला क्लच नसतो, गिअर ती स्वतःच बदलते.

परवा नांदेडहून परत येत होते. अहमदपूरच्या अलीकडच्या उतारावर पायाखालची रबरी मॅट पुढे सरकली आणि ॲक्सिलरेटर तिच्याखाली दबून बसला. पाय काढला तरी वेग वाढतच चालला. ब्रेक दाबला, गाडी थरथरली, पण थांबेना. समोर उसानं भरलेला ट्रॅक्टर. आणि क्षणात मी पुन्हा लहानपणीच्या किल्लारीत आहे, भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडसमोर, तुमच्या जीपमध्ये. आई ढिगाऱ्याखाली गेली त्याला वर्षही झालेलं नाही. पोरीला कशाला जीप शिकवायची, म्हणून शेडमधल्या बायका हसतात. तुम्ही तिकडं बघतही नाही. "गाडी ऐकंना झाली तर आधी न्यूट्रल करायची. इंजिन बोंबलायलं तर बोंबलू दे. चाकं आपल्या हातात पाहिजेत."

मी गिअरचा दांडा 'डी'वरून 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर ढकलला. इंजिन असं किंचाळलं की आता फुटतंय वाटलं, पण गाडीची ओढ गेली. ब्रेक दाबूनच धरला, गाडी कडेच्या मुरमावर घेतली आणि थांबल्यावर बंद केली. ट्रॅक्टरवाला उतरून पळत आला.

"मॅडम, लागलं तर न्हाई ना?"

"नाही."

"घरी फोन लावा कुणाला तरी."

"लावते," म्हणाले. फोन काढला, नावं वर-खाली केली. मुलींचे पालक, क्लासचं ऑफिस, गॅसवाला. तो बिचारा बघत उभा होता, म्हणून फोन कानाला लावला आणि म्हणाले, मी ठीक आहे, गाडीलाही काही झालं नाही, येतेच. ते ऐकून तो निर्धास्त झाला आणि गेला.

हे पत्र कुठं टाकता येणार नाही, हे मलाही कळतं. पण खरं सांगते, मी कुठलाच नंबर लावला नव्हता. तरी बोलताना तोंडातून 'दादा' निघालं, आणि तो गेल्यावरही बराच वेळ मी फोन कानावरून काढला नाही.