तुम्हा दोघींचं बोलणं

लिंबायत, सुरत

प्रिय गायत्री,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवरच बोललो असतो, पण फोन माझ्यापर्यंत पोचतो कुठे? तुझी आई रोज पाऊण तास तुझ्याशी अहिराणीत बोलते, खिदळते आणि मग तो माझ्या हातात देते. तू विचारतेस, आप्पा, जेवलात का? मी म्हणतो, हो. संपलं. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटतो. या वयात, स्वतःच्या बायकोचा!

दिवाळीत तू आम्हाला तुझं ते डार्क मॅटर समजावत होतीस. विश्वात म्हणे न दिसणारं पुष्कळ काही आहे, त्याची ओढ तेवढी आपल्याला कळते. पण त्याच्या कणांचं आपसात आणखीही काही चालत असेल, त्यांचं स्वतःचं वेगळंच बळ असेल आणि ते आपल्याला शिवतही नसेल, अशी तुम्हा संशोधकांना शंका आहे. चौथी शिकलेली तुझी आई लगेच म्हणाली, कळलं. रोज पेपर वाचणारा मी विचारून बसलो, याचा उपयोग काय? तेव्हा तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंत. ते पाहणं माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

कापड तपासण्यात माझं आयुष्य गेलं. अख्ख्या ताक्यात एक धागा तुटला असला तरी मला लांबून दिसतो. घरातला धागा मात्र मीच तोडला. मी जालन्याचा, तुझी आई धुळ्याची. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा, घरात अहिराणी बंद, असा हुकूम मी काढला. तू चुकून बोललीस की नक्कल करून हसायचो, पाहुण्यांसमोरसुद्धा. मग तुम्ही माझ्या माघारी बोलायला लागलात आणि मला वाटलं, सुटली सवय.

येत्या वीस तारखेला तू इथल्या नवागामच्या शाळेत मुलांना ते डार्क मॅटर अहिराणीतून सांगणार आहेस, हे मला शेजारच्या भटूकडून कळलं. तुझ्या आईने साडी इस्त्रीला दिली आहे आणि मला सांगते, भजनाला जायचंय. काल फोन स्पीकरवर राहिला होता. तू तिला म्हणालीस, "आप्पासले नको सांगजो, त्या हासतीन." एवढी अहिराणी मला येते गं. पंचवीस वर्षं दाराआड उभा राहून शिकलोय. मला येऊ दे. मागे बसेन. हसणार नाही.

तुझाच,
आप्पा