अनाक्सोची बाहुली

आर्तेमिसिओन महिना, तिथी २

सकाळी फळीवरची बाहुली उतरवली, धूळ झटकली, परत ठेवली. पन्नाशीला आलो, देवळात झाडलोट करतोय त्याला तीस वर्षं झाली. देवीला वाहिलेली वस्तू कुणी परत मागितलेली आजच पाहिली! राजाचा कारभारी देमोखारेस दारात उभा. "ओनेसिमोस, राजकन्येची बाहुली काढ. लग्न ठरलंय, पुन्हा वाहायची आहे."

लग्नाआधी मुली खेळणी आर्तेमिस देवीला वाहतात. राजकन्या अनाक्सोने दोन वर्षांपूर्वी वाहिली — तेराव्या वर्षी. तिचं जहाज समुद्रापलीकडे लागेपर्यंत तिकडच्या राजाने दुसरीकडे तह करून दुसरीच बायको घरात आणलेली! नवऱ्याचं तोंडही न बघता पोरगी त्याच जहाजाने परत.

आता साठीचा राजा शोधलाय. युद्धाला हत्ती देतो म्हणे.

"देवीला उष्टं वाहायचं?" मी म्हणालो.

"देवी घेईल चालवून. आपला राजा नाही घेणार."

तिथी ३

देमोखारेस पुन्हा हजर. "मग नवी बाहुली आणा," म्हटलं. तर वराकडच्यांना तीच हवी — पहिलं लग्न पुसलं जावं म्हणून. अजब लोक!

तिथी ४

अनाक्सो स्वतः आली. बाहुलीकडे बघून हसली. "ओनेसिमोसकाका, ही माझ्यापेक्षा नशीबवान. हिला एकदाच दिली!" बाहेर पडताना मात्र डोळे पुसत होती.

म्हातारी पुजारीण गेल्यापासून देवळाची किल्ली माझ्याकडे आहे. परवा, देवीच्या जन्मदिवशी, ती मी एका कुमारिकेला द्यायची. जी घेईल ती दहा वर्षं देवीची. तिचं लग्न राजालाही लावता येत नाही. देमोखारेसने आपली भाची पुढे केली आहे.

दिवसभर किल्ली कमरेला टोचत होती.

तिथी ५

किल्ली घेशील का, विचारलं अनाक्सोला.

"दहा वर्षं? म्हणजे पंचविशीला सुटेन," ती म्हणाली. "तोवर तो म्हातारा टिकेल का हो?"

"त्याचे हत्ती टिकतील."

किती हसली! मग हळूच — "पण काका, तुमचं काय होईल?"

तिला घरी पाठवलं. देवीपुढे बसून राहिलो. देवी 'हो' म्हणाली नाही. पण 'नको'ही म्हणाली नाही.

तिथी ६

बाहुली फळीवरच आहे. किल्ली अनाक्सोच्या हातात दिली — राजासमोर, अख्ख्या गावासमोर.