भोंगा चालू होता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, पूर्वी धरणावर गेट ऑपरेटर व आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरलो तेव्हा ‘पुरे’ म्हणाले. मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे गृहस्थ येऊन गेले. त्यांचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते सुबक होते, पण त्यात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची पत्र्याची शेड यांसह, मुलगा व सून यांच्या समाईक नावे व्हावे. मुलगा शाळेत भूगोल शिकवतो. सगळ्या नद्या त्याला पाठ आहेत, फक्त आमच्या धरणाखालच्या नदीचे नाव तो घरात काढत नाही. सून गेले बारा दिवस माझ्याशी बोललेली नाही. सकाळची गोळी आणि पाण्याचा पेला ती नेमाने ठेवते, पेला जरा आपटून ठेवते. तिने घर नाकारले तर तिला कोणी समजवायला जाऊ नये. तिचा राग रास्त आहे.

२. बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीला. बायकोच्या शेवटच्या आजारपणात ती आठ महिने इथे राहिली आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. धाकट्या भावाला माझी शिडी. तशी ती नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे, मागितली की त्याला कमी ऐकू येते. आता निदान कायद्याने त्याची होईल.

पान्यांची पेटी आणि ग्रीसगन धरणावर सध्या जी मुलगी गेट ऑपरेटर आहे तिला. तिला सांगावे की डावीकडून तिसऱ्या दरवाजाला एक्केचाळीसचा पाना लागतो. खात्याच्या तक्त्यात छत्तीसचा लिहिला आहे. तक्त्यावर जाऊ नये, हाताने बसवून पाहावे.

३. माझ्या नातीला घरात सगळे ‘पिन’ म्हणतात, कारण लहानपणापासून ती बारीक आणि टोचणारी आहे. तिला मी धरणाची माझ्या हातची सर्व रेखाटने आणि या कागदातली हकीकत वाटेल तशी वापरण्याचा हक्क देतो. कारण सांगणे भाग आहे.

पिन एका टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर सात जणांच्या कंपनीत काम करते. तिथे गोष्टीचे व्हिडिओ गेम बनतात. गोष्ट पिन लिहिते. पडद्यावरचा माणूस अडचणीत सापडतो, खाली दोन-तीन वाक्ये उमटतात, खेळणाऱ्याने एक निवडायचे आणि गोष्ट तिकडे वळते. निदान वळल्यासारखी दिसते. तिच्या टेबलासमोर एका खेळणाऱ्याचे पत्र टाचलेले आहे. त्यात लिहिले आहे: ‘मी सात वेळा खेळलो. बहिणीला वाचवायला सातही वेळा वेगळं बोललो. ती सातही वेळा मेली. मग मला विचारलंत कशाला?’

मीही तिला तेच विचारले होते.

ती म्हणाली, “आजोबा, प्रत्येक निवडीला वेगळं जग बनवायला आम्ही सात जण कुठे पुरणार? वाटा फुटतात आणि पुढे गुपचूप एकत्र येतात. पण शेवट बदलत नाही म्हणून निवड खोटी कशी? मरणाऱ्याचा हात धरला म्हणून मरण टळत नाही. मग हात धरणं खोटं का?”

शेजारच्या टेबलावर त्यांचा प्रोग्रामर बसतो, त्याला सगळे दाढीवाला म्हणतात. तो मान वर न करता म्हणाला, “मग हात धरायचं बटण दे. वाचवायचं बटण देतेस आणि हात धरायला लावतेस, याला फसवणूक म्हणतात.”

त्यांचा हा वाद जुना असावा. मला पिनचे म्हणणे फार पटले. इतके पटले की मला स्वतःचीच शंका यायला हवी होती.

गेले दीड वर्ष पिन एक गेम लिहीत होती आणि घरात कोणाला सांगत नव्हती. बारा दिवसांपूर्वी तिने मला कंपनीत बोलावले, खुर्चीवर बसवले, कानावर हेडफोन चढवले. पडद्यावर धरण होते. दरवाजांची खोली, पातळीचा काटा, खिडकीतून दिसणारी खालची वस्ती, काळा टेलिफोन. खुर्चीत बसलेल्या माणसाला माझ्यासारखे पुढे आलेले कान होते. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या धरणाचा मातीचा बांध फुटला आणि खालच्या वस्तीतली अकरा माणसे गेली. त्याचा चौकशी अहवाल पिनने मिळवून वाचला होता. अहवालाचा निष्कर्ष असा की गेट ऑपरेटरने काहीही केले असते तरी परिणाम तोच झाला असता. मी निर्दोष ठरलो होतो. पिनला ते जगाला दाखवायचे होते. “लोकांना एकदा तुमच्या खुर्चीत बसू दे,” ती म्हणाली.

मी खेळलो. पहिल्यांदा फोनची वाट पाहिली, वस्ती गेली. दुसऱ्यांदा हुकमाशिवाय एक दरवाजा उघडला, वस्ती गेली. तिसऱ्यांदा चारही उघडले. चार मिनिटे उशिरा, पण गेलीच. दर वेळी फक्त नंतर लोक काय बोलतात ते बदलत होते. पिनने ते छान लिहिले होते. चौथ्यांदा मी त्या माणसाला खुर्चीतून उठवून दाराशेजारच्या भिंतीकडे नेले. तिथे लाल डबा होता. भोंग्याचा. मी बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले.

दाढीवाला म्हणाला, “आजोबा, ते नुसतं चित्र आहे. दाबलं जात नाही.”

मी दाबत राहिलो. किती वेळा ते मला आठवत नाही. पिनने माझा हात धरला तेव्हा बोट दुखत होते.

“अहवालात आहे ना,” ती म्हणाली, “भोंगा सकाळपासून नादुरुस्त. तुमच्याच अक्षरातली नोंद आहे. फोटो आहे माझ्याकडे.”

मी म्हणालो, “मला घरी सोड.”

४. आता जे आधीच्या मृत्युपत्रात नव्हते ते.

भोंगा नादुरुस्त नव्हता. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी चाचणी म्हणून तो थोडा वेळ वाजवला होता आणि नोंदवहीत ‘व्यवस्थित’ असे लिहिले होते. दुपारी एक वीसला पाणी धोक्याच्या खुणेवर आले. मी शाखा अभियंत्यांना फोन लावला.

“साहेब, खुणेवर आलंय. दोन दरवाजे उघडतो आणि भोंगा देतो.”

“थांब. वरून परवानगी येऊ दे.”

“दरवाज्यांचं ठीक आहे, पण भोंगा तरी...”

“भोंगा दिलास तर वस्ती सैरावैरा पळेल. एखादा चेंगरून मेला आणि बांधाला काहीच झालं नाही तर? तू घरी आणि मीही घरी. मी सांगतो ना, थांब.”

मी पस्तीस मिनिटे थांबलो. लाल डब्यापासून दोन हातांवर उभा होतो. खिडकीतून वस्ती दिसत होती. कोणीतरी चादरी वाळत घालत होते. एक पंचावन्नला परवानगीचा फोन आला आणि मी रिसीव्हर खाली ठेवायच्या आत बांध सुटला. जाताना विजेचा खांब घेऊन गेला. त्यानंतर मी बटण दाबले. तेव्हा मात्र भोंगा खरेच बंद होता.

संध्याकाळी साहेब आले. दार लावून घेतले, नोंदवही माझ्यापुढे सरकवली. “सकाळचं पान काढ. नव्यानं लिही. भोंगा नादुरुस्त, दुरुस्तीसाठी कळवलं आहे.” मी लिहिले, आणि अक्षर वळणदार आले. फाडलेले पान जाळायला त्यांनी मला दिले. मी ते जाळले नाही. का, हे मला तेव्हाही माहीत नव्हते.

चौकशीत वस्तीतल्या एका बाईने सांगितले होते की सकाळी भोंगा वाजला, मी कानांनी ऐकला. ती लाँड्रीत कपडे धुण्याचे काम करायची. त्या दिवशी तिघी घरातून वाहून गेल्या, ती तेवढी वाचली, सासू आणि मुलगी गेल्या. अहवालात तिच्याबद्दल एकच ओळ आहे: ‘साक्षीदार शोकाकुल असल्याने तिचे स्मरण विश्वसनीय मानता येत नाही.’ ती ओळ माझ्या अक्षरामुळे लिहिली गेली.

५. तेव्हाचे ते शाखा अभियंता आज माझे व्याही आहेत. चार वर्षांनी माझ्या मुलाचे आणि त्यांच्या मुलीचे जमले. आम्ही दोघांनीही मोडता घातला नाही. बैठकीत त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे, आणि होकार देऊन टाकला. एकमेकांचे तोंड बंद ठेवायला सोयरिकीसारखे कुलूप नाही.

पिनला मी त्याच दिवशी सगळे सांगितले. तिने आईला सांगितले, आईने आपल्या वडिलांना विचारले. परवा व्याही आले. ऐंशी वर्षांचे आहेत, काठी टेकत आले, पाणीही घेतले नाही.

“पान कुठे आहे?”

“आहे.”

“जाळलं म्हणाला होतास.” सत्तावीस वर्षांच्या ‘तुम्ही’नंतर ते पुन्हा ‘तू’वर आले.

“खोटं बोललो होतो. त्या दिवशी खोटं बोलायची सवय लागली.”

“माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघ. नातीकडे बघ, ती तुझ्याएवढीच माझी आहे. मृत्युपत्रात लिही हवं तर. आपण दोघं गेल्यावर उघडू दे. मेलेल्या माणसांना कोण काय करणार?”

“म्हणूनच तर नको.”

“अरे, अकरा माणसं तशीही गेलीच असती! अहवाल आहे.”

“अहवालाला आपण काय खायला घातलं ते विसरलात? शाळेची टेकडी वस्तीपासून बारा मिनिटांवर होती, व्याही. मी पस्तीस मिनिटं उभा होतो.”

त्यांनी काठी उचलली. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, परवानगी पाच मिनिटांत येईल.” एवढेच. जाताना त्यांना पायरी दिसली नाही. मी हात दिला, त्यांनी तो घेतला. त्यांना मी काहीही ठेवत नाही आणि त्यांच्याकडून काही मागतही नाही. सुनेने एवढेच ध्यानात घ्यावे की तिच्या वडिलांनी मला थांब म्हटले होते, माझा हात बांधला नव्हता.

६. नोंदवहीचे मूळ पान आता माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे ते मी कोणाला देऊ शकत नाही. काल सकाळी ते माझ्या सहीच्या जबाबासह खात्याच्या कार्यालयात दिले. टेबलावरचा कारकून म्हणाला, “एकतीस वर्षांपूर्वीचं? आजोबा, आधी फाईल सापडायला हवी.” मी म्हणालो, सापडेपर्यंत बसतो. चार तासांनी पोच मिळाली. ती या कागदाला टाचली आहे. चौकशी पुन्हा सुरू झाली आणि मी जिवंत असलो तर हजर राहीन. शिक्षा झाली तर मुलाने वकील देऊ नये.

पिनला मी हे सांगून चार दिवस झाले. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. गेम थांबवला होता.

“आजोबा, भोंग्याचं बटण चालू करू?”

“कर.”

“मग लोक वाचतील.”

“सगळे नाही. दोघांना चालता येत नव्हतं. बाकीचे वाचतील.”

“म्हणजे दाढीवाल्याचंच खरं झालं. निवडीनं फरक पडायलाच हवा.”

“तुझंही खोटं नाही पिन. भोंगा दिला काय, न दिला काय, बांध फुटतोच, तो कोणाच्या हातात नव्हता. पण शेवट ठरलेला आहे असं सांगायच्या आधी, तो कोणी ठरवला ते विचारत जा. मी ठरवला आणि तुला म्हटलं, नशिबानं ठरवला.”

ती रडत होती की टाइप करत होती, मला कळेना. मग म्हणाली, “आणि जो दाबणार नाही? जो शेवटपर्यंत थांबेल, त्याचं काय करू? त्याला कसली शिक्षा देऊ?”

“शिक्षा नको. त्याला नोंदवही दे आणि पेन दे. पुढे काय लिहायचं ते त्याला निवडू दे.”

ती तसे करते आहे. माझी एकच अट: गेममधल्या माणसाचे कान बदलू नयेत.

७. माझ्या मृत्यूची बातमी कुठे दिली तर त्यात ‘निर्दोष’ हा शब्द घालू नये. ‘मनमिळाऊ’ही नको; शेजारी हसतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या बहिणीने करावी. भाऊ शिडीवरून वाद घालील, त्याकडे लक्ष देऊ नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला. त्यांनी मजकूर न वाचता सही केली, तशी कायद्याने मुभा आहे.

साक्षीदार दुसऱ्या: कलम ४ मध्ये उल्लेख असलेल्या लाँड्रीतल्या बाई, आता वय चौसष्ट. त्यांना शोधून पिनने आणले. त्यांनी सही करण्याआधी सगळे वाचायचे म्हटले. तासभर वाचत होत्या. सून दारात उभी होती. वाचून झाल्यावर त्या जे बोलल्या ते त्यांच्या सांगण्यावरून इथे लिहितो:

“सासूला ऐकू येत नव्हतं आणि चालवतही नव्हतं. भोंगा वाजला असता तरी ती उठली नसती. तिला पाठीवर घ्यायचं, की पोरीला घेऊन पळायचं, हे मला ठरवायला लागलं असतं. कदाचित मी चुकले असते. कदाचित तिघीही गेलो असतो. पण ते माझं ठरवणं होतं. तेवढं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत.”

त्यांनी पेन मागितला. सून आत आली, माझ्या हातातला पेन घेऊन तिने त्यांना दिला.

ठिकाण: राहते घर.
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार, दुपारचे साडेतीन.

(सही) लिहून देणार, निवृत्त गेट ऑपरेटर
(सही) साक्षीदार, डॉक्टर
(सही) साक्षीदार, जिने सकाळी भोंगा ऐकला होता