भुवईतला पूल

बाबा, तुम्ही भिंतीवर लावलेला आईचा चेहरा काल मी खाली उतरवला. घराला रंग देणारे आले होते, आणि चित्रामागच्या काळ्या कापडाला कसर लागलेली दिसली, म्हणून मागची फळी उचकटली. खरं सांगायचं तर मला निमित्तच हवं होतं. त्या चेहऱ्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. रोज सकाळी मी तो फडक्याने पुसत होते, सणावाराला हार घालत होते, नातवंडांना "ही माझी आई" म्हणून दाखवत होते, आणि मनात विचारत होते, कोण आहेस बाई तू?

माझा स्वभावच संशयी, हे तुम्ही पूर्वीच ओळखलं होतं. दूधवाल्याने दूध ओतलं की मी भांडं हलवून बघायची आणि तुम्ही हसायचे. पण या एका बाबतीत हसण्यासारखं काही नव्हतं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. तिचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाहीत. माझ्याकडे तिचं म्हणून जे काही होतं ते चहाच्या पेटीच्या प्लायवूडमध्ये तुम्ही कोरलेलं ते एक तोंड होतं. तेच खोटं निघालं तर माझ्याकडे काय राहणार होतं?

नांदुऱ्याला त्या वेळी तुमच्या हातच्या चित्रांचं नाव होतं. दिवसा शाळेत ड्रॉइंग मास्तर, आणि सुटीच्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात फ्रेटवर्क, म्हणजे प्लायवूड कापून चित्र करणं. उजेड तिथेच चांगला, म्हणून खिडकीशी टेबल, टेबलाला स्क्रूने आवळलेली खाच पाडलेली फळी, आणि धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेलं केसाएवढं बारीक पातं. मी चुलीपाशी, तुम्ही खिडकीपाशी. परातीतल्या पिठात भुसा उडायचा आणि मी कुरकुरायची. लोक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचे. बहुतेकांकडे एकच असायचा, तोही कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला, अंगठ्याएवढा. त्या फोटोवर तुम्ही पेन्सिलीने अगदी हलके चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन कागदावर, आणि चौकोनागणिक चेहरा मोठा करत जायचे. मग तो बटर पेपरवर उतरवायचा, कार्बन ठेवून प्लायवूडवर घ्यायचा, गिरमिटाने भोक पाडून पातं आत घालायचं.

"डोये बारीक कर," तुम्ही म्हणायचे. "आता काय दिसते?"

"काळं आन् पांढरं."

"तेवढंच घे. बाकीचं पाह्यनारा आपल्या मनानं भरते."

काळं ते कापून टाकायचं, मागून काळं कापड लावायचं. उजेडाचं ते लाकूड राहतं. पण डोळ्यातलं पांढरं चारी बाजूंनी काळ्याने वेढलेलं. तसंच कापलं तर गळून खाली पडेल. म्हणून काडीएवढी लाकडाची पट्टी ठेवून ते बाकीच्या चेहऱ्याला जोडायचं. तुम्ही तिला पूल म्हणायचे. फोटोत नसलेली तेवढी एक रेघ आपण घालायची. "मंग हे खोटंच झालं ना?" मी एकदा विचारलं होतं. तुम्ही पातं न थांबवता म्हणालात, "खोटं काऊन व? धरून ठेवाले काही तं लागते."

आणि तुमचा तो राग. आयुष्यात एकदाच माझ्यावर तसे रागावलात. वडनेर भोलजी गावच्या एका म्हाताऱ्या पाटलांचा चेहरा तुम्ही मला करायला दिला होता. माझा बटर पेपर उलटा ठेवला गेला आणि डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर आला. अर्धं कापून झाल्यावर तुमच्या लक्षात आलं. तुम्ही प्लायवूड गुडघ्यावर ठेवून मोडलं. "मानूस उलटा केला तू," तुम्ही म्हणालात. "घरच्या लोकाईले रोज पाहा लागते त्याले. तो त्याइचा राह्यला काय आता? हा दुसराच कोनी झाला." त्या दिवसापासून प्रत्येक बटर पेपरच्या कोपऱ्यात आधी "वर" असं लिहायचं आणि मगच हात लावायचा, हा आपल्या दोघांचा नेम झाला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. स्थळांना पाठवायला म्हणून त्याच उन्हाळ्यात तुम्ही माझा फोटो काढून आणला होता. पितृपक्षात अविधवा नवमीला तुम्ही आईचं चित्र भिंतीवर लावलं. डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मला न दाखवता तुम्ही ते शाळेत बसून केलं होतं. मी रडले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अशीच होती व तुही माय. तू तिच्यावरच गेली." फोटो कुठला, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, जुना होता एक, संग्रामपूरहून आणला होता, परत दिला.

दिवाळीत संग्रामपूरचे मामा आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. तुमच्यासमोर फक्त "नाक तं तिचंच हाय" एवढं म्हणाले. मग अंगणात हात धुताना मी फोटोची गोष्ट काढली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या मायचा फोटो कधी काढलाच नाई, पोरी. कोनाचा परत देल्ला त्यानं, त्यालेच मालूम."

झालं. त्या दिवसापासून मी चित्र न्याहाळायला लागले, आणि काम तुमच्याकडूनच शिकले असल्यामुळे मला जे दिसायला नको ते दिसलं. उजव्या भुवईत मधोमध एक पूल होता. भुवईला पूल लागत नाही, बाबा. भुवईच्या काळ्यात वेढलेलं असं काहीच नसतं, गळून पडेल असं काही नसतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, लाकूड तडकू नये म्हणून. तुम्ही खोटं बोलताना कानाची पाळी चोळायचे. तेव्हाही चोळलीत.

मग मी तुमचा टेबलाचा खण उघडला. शाळेतल्या सगळ्या मास्तरांचा एकत्र काढलेला फोटो त्यात होता आणि त्यावर पेन्सिलीचे चौकोन होते. निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचं चित्र तुम्ही करत होता, हे मला ठाऊक होतं. पण हेडमास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर शिवणाच्या बाई बसल्या होत्या आणि चौकोन त्यांच्याही तोंडावर गेले होते. त्याच बाई, ज्या भरतकामाचे नमुने काढून घ्यायला रविवारी आपल्याकडे यायच्या. ज्या आल्या की तुम्ही चहात साखर जास्त घालायला सांगायचे. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. पुढच्या रविवारी चहाचा कप देताना मी वाकून पाहिलं, तर एक व्रण उजव्या भुवईजवळही होता. तेवढं मला पुरलं. माझ्या आईच्या जागी, तिच्या कुंकवाखाली, तुम्ही या बाईचं तोंड लावलं आणि मला त्याच्या पाया पडायला लावलं, असं मी ठरवून टाकलं. मनात म्हटलं, उद्या ही चालत घरात आली की म्हणायला मोकळे, बघ, तुझ्या आईसारखीच दिसते.

मी त्यांना भेटायला गेले. त्यानंतर त्या आल्या नाहीत. शाळेचं वर्ष संपताच त्यांनी मलकापूरला बदली करून घेतली. तुम्ही बरेच रविवार खिडकीशी नुसते बसून होता. पाती संपली होती. "बाई अकोल्याहून पाती आननार होत्या," तुम्ही म्हणायचे. "काऊन नाई आल्या काय मालूम." मी भाकरी थापत होते. "मले काय मालूम," मी म्हणाले. पुढे माझं लग्न झालं, तुम्ही एकटेच राहिलात, आणि मी माहेरी आले की तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. का, हे तुम्ही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर चित्र माझ्याकडे आलं, तेही मी नाइलाजाने लावलं.

आता कालचं सांगते. फळी निघाली तेव्हा कापडाच्या मागे घडी घातलेला बटर पेपर होता. पिवळा पडलेला, पण फाटलेला नव्हता. तुम्ही कधी नमुना चित्रात ठेवत नव्हता, म्हणून पहिला संशय हाच आला की हा कुणीतरी मागून घातला असेल. मग कोपरा पाहिला. तिथे तुमच्या अक्षरात "वर" लिहिलं होतं आणि ते खोडलं होतं. कागद उलटा केला, तर दुसऱ्या बाजूला पुन्हा "वर" होतं, खोडाखोड नसलेलं. म्हणजे चुकून उलटला नव्हता. तुम्ही आधी सरळ काढला, विचार केला, आणि मग जाणूनबुजून उलटा ठेवला. ज्या चुकीसाठी माझं प्लायवूड मोडलं, ती तुम्ही ठरवून केली.

मी खोडलेली बाजू वर करून कागद खिडकीच्या काचेला लावला. पूल डाव्या भुवईत गेला. सहा वर्षांची असताना मी ओट्यावरून पडले होते. डाव्या भुवईत खोक पडली, तिथे आजही केस येत नाहीत. ट्रंकेतून माझा स्थळांसाठी काढलेला फोटो शोधला, तिरपा धरून उजेडात पाहिला. पेन्सिल खोडून टाकलेली होती, पण चौकोनांचे वळ कागदावर होते. कुंकू आणि मंगळसूत्र सोडलं तर ती मीच होते. उलटा केलेला चेहरा म्हणजे आरशातला चेहरा. जे तोंड मी रोज वेणी घालताना बघत होते, तेच भिंतीवर होतं, आणि मी मात्र ते दुसऱ्या बाईच्या गालावर शोधत फिरले.

का उलटा केलात, याचाही मी संशय घेऊन पाहिला. लपवायला केला असेल, असं आधी वाटलं. पण मग व्रण कशाला ठेवला असता? आई कशी दिसायची ते माझ्यात जेवढं उरलं होतं, तेवढंच तुमच्यापाशी होतं. दुसरा फोटो नव्हता. पण जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही. म्हणून मला उलटं केलंत, मी दुसरीच कोणी व्हावं म्हणून. हार तिला पडावा आणि मला लागू नये. आणि भुवईतला पूल ठेवलात, कधीतरी मला ओळखू यावं म्हणून. मी तुमचीच शिकवलेली होते. तुम्हाला वाटलं असेल, आठवड्याभरात ओळखेल.

हे पत्र त्या कागदाबरोबर फळीमागे ठेवणार आहे. कुणी वाचायचं नाही. म्हणूनच एक लिहिते. बाईंकडे गेले तेव्हा मी माझा राग माझ्या नावाने सांगितला नाही. त्यांच्या दारात उभी राहून म्हणाले, "बाबांनी सांगितलंय, यापुढे आमच्या घरी येऊ नका." त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि अकोल्याहून आणलेलं पात्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "एवढं पोचवा," म्हणाल्या. ते पाकीट माझ्या ट्रंकेत आहे, बाबा, न उघडलेलं.