मॉरिशसचे पाच पंतप्रधान आणि कोळीवाड्याचा एक चेअरमन

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

पनवेल कोळीवाडा,
१२ जानेवारी २०२६

आयुष्मान भरत यास काशिरामचा नमस्कार.

थोरल्या मामेभावाने आशीर्वाद लिहावा असा प्रघात आहे. तरी मी नमस्कारच लिहितो. तू माझा क्रमांक अवरुद्ध केल्यामुळे टपालखात्यास शरण आलो आहे. इकडे सर्व क्षेम. खाडीत मासळी अल्प आणि भराव विपुल. विमाने आता इतकी खालून जातात की पाण्यातला जिताडाही दचकत असावा. पोर्ट लुईच्या बंदरात तुझी प्रकृती उत्तम असेल.

पत्रास कारण की, आमच्या रियाने शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेसाठी ‘स्वतंत्र मॉरिशसचे पंतप्रधान’ हा विषय घेतला. का? तर भरतकाका तिथे आहे. परीक्षकपद अर्थातच मी स्वयंप्रेरणेने ग्रहण केले. शिवसागर रामगुलाम, १९६८ पासून चौदा वर्षे. म्हणजे एक संपूर्ण वनवास. पुढे अनिरुद्ध जगन्नाथ, तेरा वर्षे. मग रामगुलामांचे पुत्र, मग पुनश्च जगन्नाथ. सत्तावन्न वर्षांत माणसे पाच, आणि त्यांतली चार दोनच घरांतली! मी म्हणालो, “हा देश नव्हे, हा आपला कोळीवाडा आहे.”

“पप्पा, २००३ राहिलं,” रिया म्हणाली. “जगन्नाथांनी खुर्ची पॉल बेरांजेंना दिली.”

“पराभूत झाले?”

“नाही ना. आधीच ठरलं होतं. तीन वर्षं हे, मग दोन वर्षं ते. तीन वर्षं झाली आणि दिली.”

“आणि स्वतः राष्ट्रपती होऊन बसले असतील.”

“झाले. पण दिली ना?” तिने वही मिटली. “तुमचं आणि भरतकाकाचं पण अडीच-अडीच वर्षं चेअरमन व्हायचं ठरलं होतं ना?”

मी म्हणालो, पुढचे नाव सांग.

इथवर लिहून मी उठलो, चहा घेतला, अंगणात उगाच जाळे झटकले आणि पुन्हा बसलो.

भरत, मच्छीमार संस्थेच्या निवडणुकीआधी वाड्याचे वडीलधारे म्हणून दाजींनी आपल्या दोघांचे हात देवीपुढच्या नारळावर ठेवले होते. तारीख न घातलेला राजीनामा त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आणि आपल्या पेटीत ठेवला. अडीच वर्षे भरायला महिना उरला असता दाजी गेले. सभेत तू तो कागद मागितलास. पेटीत तो निघाला नाही.

निघणार कसा? दाजींच्या दहाव्याला त्यांच्या मुलाने, प्रितेशने, एक बंद पाकीट मला दिले होते. “काका, तुमचं नाव हाय याच्यावर.” तू सभेत उभा होतास तेव्हा ते माझ्या खिशात होते. आणि मी गर्जलो, “प्रमाणाविना आरोप म्हणजे असत्याचेच दुसरे नाव!” लोक हसले. तुझा चेहरा मी पाहिला नाही. मी माझ्या वाक्यावर खूश होतो. दोन महिन्यांनी तू देश सोडलास.

शुक्रवारी बाजारात तुझ्या मैनेपुढे जाऊन हे सांगितले. ती हलवा मासा कापत होती. कोयता थांबला नाही.

“मना कशाला सांगता, दादा? माजा नवरा खोटं बोलत नाय, मना म्हायती हाय. ज्यांच्या म्होरं त्याला खोटा पाडला, त्यांना सांगा.”

“वार्षिक सभा अजून दूर आहे...”

“सभा कोन बोलावतो? चेअरमनच ना? मंग खुर्चीत हाव तवर बोलवा.”

काल रविवारी सभा बोलावली. चार पृष्ठांचे निवेदन सिद्ध केले होते; त्यात ‘आत्मपरीक्षण’ सात वेळा होते. उभा राहिलो आणि कागदावरचे एक अक्षर उच्चारता येईना. शेवटी आईच्या भाषेत बोललो: “राजीनामा माज्याकडंच व्हता. भरत खरा व्हता. मी खोटा.”

कुणी हसले नाही. मागच्या रांगेतून समितीतला बुधाजी म्हणाला, “शास्त्री, तुजं बोलनं आज पयल्यांदा समजलं.”

मैना सभेला आली होती. मी संपवताच ती उठून गेली. माझ्याकडे तिने पाहिले नाही, आणि ते योग्यच झाले.

मग त्या राजीनाम्यावर तारीख घालून तो मी सर्वांसमक्ष दिला. मुदतीचे नऊ महिने उरले आहेत. अडीच वर्षांची ती भरपाई नव्हे, आणि भरसभेत गेलेल्या तुझ्या शब्दाची तर मुळीच नव्हे. समितीने फेब्रुवारीअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवली आहे. तू येतोस का, असे विचारले आहे. यावे असे मी म्हणणार नाही. तो अधिकार मी तेव्हाच गमावला. उत्तर बुधाजीस कळव.

क्षमा मागण्यासाठी संस्कृतात पुष्कळ शब्द आहेत. काल रात्री सर्व लिहून पाहिले आणि खोडले.

चुकलो रे.

काशिराम
(नावापुढे आता पद नाही. दादा म्हणायचे की नाही, ते तू ठरव.)