रुंद टाकी, अरुंद पिंप आणि माझा अपमान

उस्मानपुरा, औरंगाबाद
७ फेब्रुवारी २०१९

तीर्थरूप तात्यासाहेब यांच्या चरणी,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे वैजनाथचा, नमस्कार पोचावा. तुमचे गुडघे कसे आहेत? फुलंब्रीची विहीर अजून ओल धरून आहे, की तिनंही आटोपतं घेतलं? वहिनींना सांगा, सांडग्यांचा डबा पोचला आणि आमच्या सौ. उमानं तो मला न दाखवता संपवला. तिची तब्येत उत्तम आहे. माझ्या तब्येतीची चौकशी करणारं घरात कोणी नाही, कारण ती गेले अकरा दिवस माझ्याशी बोलत नाही. याला सर्वस्वी हल्लीचे विद्यार्थी जबाबदार आहेत.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी सकाळी दहावीच्या मुलांच्या शंका फुकट सोडवून देतो, हे तुम्ही जाणताच. आधी पाटीवर फक्त ‘गणित’ होतं. दिवाळीत मी त्यापुढं ‘व भौतिकशास्त्र’ रंगवून घेतलं. (पाटीवर जागा उरली होती. शिवाय चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला भौतिकशास्त्र ते काय अवघड? गणितालाच थोडं मीठ लावायचं.) तेव्हा तुम्ही, स्वतः विज्ञानाचे शिक्षक असून, फोनवर फक्त ‘जपून’ म्हणालात. तो शब्द मला अजून टोचतो. पण तुम्हाला ही नवी पोरं ठाऊक नाहीत. मी साधं गणित घातलं, की एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळ घेतील. तर वरच्या मजल्यावरची ओवी विचारते, सर, नळ कोणत्या वारी येतो? सहा दिवसांतून पाऊण तास पाणी बघितलेल्या पिढीला काय डोंबल शिकवायचं? (आमच्या गल्लीत मात्र तीन जुनी घरं पाडून सात-सात मजले उभे राहिलेत. पाइप तोच.)

आता मुख्य आरोपी. सुरेखा. वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेल्या बन्सीची मुलगी. दोन रिक्षा बदलून येते आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसते. तिनं प्रश्न काढला, की एक रुंद भांडं आणि एक अरुंद, तळाशी नळीनं जोडलेली, दोन्हींत पाण्याची उंची सारखी, तर पाणी कुठून कुठं जाईल? मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, रुंदातून अरुंदात. रुंदात पाणी जास्त, वजन जास्त, जोर जास्त. शेंबडं पोरही सांगेल. तर ही शांतपणे म्हणते, “सर, उंची सारखी हाय तर पानी हलनार नाय. रुंदीचा काय संबंध?”

माझा संताप झाला. मी सगळी वरात गच्चीवर नेली. तिथं आमची हजार लिटरची टाकी, शेजारी खालच्या काकासाहेबांचं दोनशेचं पिंप, दोन्ही आदल्या दिवशीच भरलेली. काठी बुडवून उंची सारखी केली, तळाच्या तोट्या नळीनं जोडल्या आणि दोन्ही कॉक उघडले.

पाणी हललं नाही.

नळी चोंदली असणार, हे उघड होतं. म्हणून मी ती टाकीकडून खेचून काढली. पाणी धो-धो सुटलं. कॉक बंद करायला गेलो तर त्याचा दांडा माझ्या हातात आला. सहा दिवसांचं पाणी गच्चीवरून चाललं, मागोमाग त्या नळीतून काकासाहेबांचंही. काकासाहेब बनियनवर धावत आले, “अहो सर, हे काय चाललंय? दुश्मनी हाय का?” बाया बादल्या घेऊन आल्या आणि मिळेल ते भरून निघून गेल्या. शेवटी सुरेखानं आपली ओढणी गुंडाळून तोटीच्या तोंडात कोंबली, म्हणून अर्धी टाकी वाचली.

आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, तू आपली टँकरच्या रांगेत उभी राहा, विज्ञान तुझं काम नाही.

रागात माणूस बोलतो, तात्यासाहेब! तुम्हीही वर्गात बोलायचात! पण ती पोरगी ओढणी पिळून निघून गेली, त्या रविवारनंतर आली नाही. परवा बन्सी स्वतः आला, चपला दाराबाहेर काढून हात जोडून उभा. “पोरगी म्हनती अकरावीला सायन्स नको. सर म्हनले जमनार नाय. तुमी म्हनला म्हंजी खरंच आसल.” आता बघा! चौतीस वर्षं घसा फोडून सांगितलेलं कोणी ऐकलं नाही, आणि हे एक वाक्य तेवढं नेमकं ऐकलं!

तरी आपण सहीनिशी लिहून द्यावं, की रुंद टाकीतलं पाणी जास्त जोर लावतं आणि त्या दिवशी नळीच चोंदलेली होती. मी तो कागद पाटीखाली लावणार आहे.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
वैजनाथ

ता. क. हे पत्र तुमच्या शेजारच्या कडुबाच्या हाती देतोय. तो कामाला रोज इकडं येतोच. फोन करू नका. उमा बोलत नसली तरी ऐकते.

ता. क. २. सहीचा कागद तूर्त नको. वरचं लिहून झाल्यावर, संध्याकाळी उमा हळदीकुंकवाला गेली असताना मी तुपाचा डबा आणि लोणच्याची उंच बरणी, दोन्हींना तळाशी भोकं पाडून, सलाईनच्या नळीनं जोडली. नळी आधी फुंकून बघितली, साफ होती. पाणी हललं नाही. तीन वेळा केलं. (बरणी गेली, हे वहिनींना सांगू नका.)

ता. क. ३. रविवारी वाळूजला जाणार आहे. रिक्षा कुठं बदलायची ते विचारून ठेवलंय. पण दारात उभं राहून पंधरा वर्षांच्या मुलीला ‘माझं चुकलं’ कसं म्हणतात, ते मला माहीत नाही. आजवर दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या शाईनं फुल्या मारल्या, स्वतःच्या चुकीवर कधी मारली नाही. तुम्ही म्हणे वर्गात तसं म्हणायचात. शनिवारपर्यंत कडुबाकडं दोन ओळी लिहून द्या, पाठ करून जाईन. नाही आल्या, तर हाही प्रश्न तिलाच विचारीन. तिची उत्तरं बरोबर येतात.